शेजारची पात

लिफ्टमध्ये पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या काळ्या स्वेटरवर कापसाचा एक तंतू.

दोन देश, दोन वस्तू. बाकी सगळं स्थिर धरायचं.

बोंड उकललं की त्याची टोकं वाळून काट्यासारखी होतात. कापूस ओढताना बोटं त्या टोकांच्या आतून जायला हवीत. नवख्या बाईची बोटं रात्री कालवणाच्या तिखटात बुडली की तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

जिनिव्हातल्या सभागृहात पाण्याच्या बाटल्या काचेच्या होत्या, आणि खिडकीबाहेरचं तळं इतकं निळं की खोटं वाटावं.

"ताई, माय वावरात पडली. बोलून नाई राह्यली."

मागे राहिलेल्या बाईकडे पाहायचं नसतं. तिच्या पऱ्हाटीकडे, कापसाच्या झाडांकडे पाहायचं.

तो तंतू दीपमालानं उचलला होता. पुण्यात, संस्थेच्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये कुठेतरी. अनोळखी माणसाच्या पाठीवरून, अंगठा आणि दोन बोटं जुळवून, त्याला कळणारही नाही इतका अलगद. एवढ्यावर थांबलं असतं तर काही नव्हतं. प्राध्यापकबाईंना टापटिपीची सवय, म्हणून सोडून देता आलं असतं. पण तंतू घेऊन तिचा हात खाली आला, स्वतःच्या कमरेशी गेला आणि तिथे काहीतरी शोधू लागला. डाव्या बाजूला, जिथे ओटी असायला हवी होती. वेचणीला जाताना बायका कमरेला फडकं बांधून पुढे खोल पिशवी करतात, ती ओटी. तिच्या कमरेला ती एकेकाळी बांधलेली असायची हे संस्थेत कुणाला ठाऊक नव्हतं. तिलाही रोज आठवत होतं असं नाही. लिफ्टचं दार उघडलं, तो माणूस उतरला, ती आतच उभी राहिली. दार लागलं आणि लिफ्ट पुन्हा खाली निघाली. त्याच संध्याकाळी धाकट्या भावाचा, धम्मरत्नचा फोन आला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. एकामागून एक घडलेल्या गोष्टींना कार्यकारण समजू नये, हे ती नव्या मुलांना पहिल्याच तासाला शिकवते.

आता यवतमाळ. खाजगी दवाखान्याचा वरचा मजला, खिडकीतून पलीकडच्या मंगल कार्यालयाचं पत्र्याचं छप्पर, त्यावर वाळत घातलेल्या सतरंज्या. पलंगावर माय. रुखमाबाई. डोळे अर्धे उघडे, पण पाहत नाहीत. मेंदूत रक्त साकळलं आहे. आणि तिचे हात चालू आहेत. दोन्ही. पांढऱ्या चादरीवर उजवा हात उतरतो, तीन बोटं जुळतात, काहीतरी ओढतात, तोवर डावा उतरलेला असतो. उजवा कमरेकडे जातो, गाऊनवर चाचपडतो, तिथे काही नसतं, मूठ हवेत उघडते. पुन्हा चादर. पुन्हा कंबर. सकाळपासून असंच. डॉक्टर तरुण आहे, अमरावतीकडचा असावा. तो म्हणाला, "असं होतं मॅडम. शेवटी शेवटी पेशंट चादर उपटतात. त्याला काही अर्थ नसतो." दीपमालानं मान हलवली. अर्थ नसतो हे तिला मान्य होतं. फक्त, चादर उपटणारा माणूस कुठूनही उपटेल. माय एका रेषेत पुढे चालली होती. गुडघ्यापासून वर, मांडीपर्यंत, तिथून पोटाशी, मग एक हातभर बाजूला सरकून पुन्हा खालून. पऱ्हाटीची एक ओळ संपली की दुसरी. डॉक्टरला हे सांगावं असं तिला वाटलं नाही. तिनं विचारलं, "नागपूरला नेलं तर?" तो म्हणाला, "ऑपरेशन करून बघतील. वय, तब्येत बघता फार आशा नाही. पण शून्य म्हणणार नाही मी." "आणि घरी?" "घरी नेलं तर घरी." मग म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या आहात. दिवस मावळायच्या आत सांगा. नंतर प्रवास करण्यासारखी स्थिती राहणार नाही."

गृहीत धरा की मजुराला दोन पर्याय आहेत आणि दोन्हींची त्याला पूर्ण माहिती आहे.

इंग्लंडमधल्या त्या लहान गावात, पहिल्या हिवाळ्यात, प्राध्यापकानं फळ्यावर दोन चौकोन काढले होते. एका देशात कापड, दुसऱ्यात यंत्रं. बाहेरचा माल स्वस्त झाला की एका चौकोनातलं काम आटतं, दुसऱ्यातलं वाढतं, आणि माणसं ह्यातून त्यात जातात. हे दाखवायला त्यानं एक बाण काढला. खडूचा, बारीक, हलक्या हातानं. पुढची सगळी वर्षं दीपमालानं त्या बाणाला दिली. तिला त्याचा राग नव्हता; उलट त्याची स्वच्छता आवडली होती. जिथे ती वाढली तिथे कुठलीच गोष्ट इतक्या सरळ रेषेत कुठे जात नव्हती. तिनं मोजलं. जगात कापसाचे भाव पडले तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या वेचणाऱ्या बायकांचं काय झालं, किती जणी दुसऱ्या कामाला गेल्या, किती शहरात, किती कुठेच नाही. कुठेच नाही, हेच मोठं उत्तर निघालं. बाण काढला होता तिथे माणसं जवळपास जातच नव्हती. मग एखादी बाई हे काम सोडून दुसरं धरत नाही, तर सोडणं तिला केवढ्याला पडत असेल, हे समीकरणातून काढलं. उत्तर इतकं मोठं आलं की जिनिव्हात कुणीतरी हसून विचारलं, ह्या बायका शेतात नेमकं काय सोडून येत नाहीत? सभागृहही हसलं. प्रश्न चांगला होता. तिनं चांगलं उत्तर दिलं: माहितीचा अभाव, कुटुंबाची बंधनं, जात, वाहतूक. सगळं खरं होतं. काचेच्या बाटलीतलं पाणी गार होतं, गिळताना दातांना लागलं, आणि त्या क्षणी तिला मायचं घाटंजीच्या बाजारातलं हसणं का आठवलं हे तिला सांगता आलं नसतं. बाजारात वेचणीच्या टोळीतल्या बायका भेटल्या की ती हसायची. घरी एवढं हसत नसे.

"मी गाडीवाल्याले सांगून ठेवलं." धम्मरत्न दारात उभा. घाटंजीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बोलताना बोटांनी खिशातला लहान पेचकस फिरवत राहतो. "नागपूरच्या दवाखान्यात ओळख बी निघाली."

"रतन, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"आयकलं. शून्य नाई म्हणे. शून्य नाई म्हणजे आहे."

"आणि वाटेतच काही झालं तर?"

"अन् घरी झालं तं? वस्तीतले लोक मले काय म्हणतीन? बहीण फॉरेनची शिकून आली, अन् दोघायनं मायले उचलून घरी आणून टाकलं." त्यानं पेचकस दुसऱ्या हातात घेतला. "तू कई बोलली होती तिच्यासंग?"

"रविवारी."

"काय म्हणे?"

"कापूस चांगला फुटला म्हणे. मी म्हटलं वेचायला जाऊ नको. पैसे पाठवते ना मी."

"मंग?"

"हसली."

"मले बी हासेच," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

हसण्याआधी ती एक वाक्य बोलली होती, ते दीपमालानं भावाला सांगितलं नाही. "पैशे येतेत वं बाई. दिवस कुठून येईन?" तिला तेव्हा ते वाक्य थोडं लागलं होतं, आपण भेटायला येत नाही म्हणून मारलेला टोमणा वाटला होता. टोमणा असेलही. पलंगावरचा डावा हात चादरीवर अडला. घडीत बोट अडकलं. हात थांबला, बोट मागे आलं, वरून वळसा घालून आत गेलं. बोंडाच्या टोकाला टाळून. दीपमालाच्या उजव्या अंगठ्याशेजारचं बोट आपोआप आखडलं.

गृहीत धरा की प्रत्येक जण स्वतःपुरतं काम करतो आणि वजनावर मोबदला घेतो.

वेचणीला वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, बायका एका ओळीत उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला पऱ्हाटीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, येतात. ती तिची पात. मग सगळ्या एकदम आत शिरतात. सकाळी दव असतं, कापूस ओला असतो, थंडीनं बोटं वळत नाहीत. ऊन वर आलं की बोलणं सुरू होतं. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या पोरीला कुठला नवरा आला, सरपंचाच्या बायकोनं नव्या साडीत शेण कसं तुडवलं. बोलणं ऐकू यायला बायका एका रेषेत राहाव्या लागतात. एखादी मागे पडली की तिला ऐकू येत नाही, आणि तिचं म्हणणं पुढच्यांना. म्हणून एखादी मागे पडली की तिची शेजारीण न बोलता हात बाजूला टाकते आणि तिच्या पातीतला कापूस वेचते. स्वतःच्या ओटीत नाही टाकत. तिची पुढची पऱ्हाटी वेचून ठेवते, कापसाचे लोचके झाडाच्या दोन फांद्यांत ठेवते, मागची येते आणि ते उचलून आपल्या ओटीत घालते. ह्याला पात ओढणं म्हणतात. म्हणतात म्हणजे, बोलून दाखवत नाहीत. ज्या बाईची पात ओढली जाते तिच्याकडे त्या वेळी कुणी बघत नाही. ती आभार मानत नाही. मानले तर पुढच्या वेळी कुणी ओढणार नाही, असं लहान असताना दीपमालाला वाटायचं. कारण तिनं कधी कुणाला मानताना ऐकलं नव्हतं.

पहिल्या मोठ्या लेखात तिनं हे लिहिलं होतं. म्हाताऱ्या बायकांनी वेचलेल्या कापसाचं वजन वयाच्या मानानं जितकं घटायला हवं तितकं घटत नाही, हे आकड्यांत दिसत होतं, आणि का घटत नाही हे तिला ठाऊक होतं. तपासणाऱ्यानं समासात एकच शब्द लिहून पाठवला: स्रोत? ती बरेच दिवस त्या शब्दाकडे बघत राहिली. मग परिच्छेद काढला. समीकरणात जे समजावता येत नाही ते शेवटी एका अक्षरात गोळा करतात, तिथे ते गेलं. तिला आजही ते काढणं चूक वाटत नाही. लेख छापून आला, त्यानं तिला नोकरी दिली, नोकरीनं पुण्यातलं घर, घरानं मायसाठी एक खोली. त्या खोलीत माय एकदा येऊन राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "इथं बायका कुठी बसतेत?" दीपमाला म्हणाली, खाली बागेत. माय खाली गेली, बाकावर एकटी बसून परत आली, आणि म्हणाली, "बसतेत. पण एकीकडं तोंड करून बसतेत." चौथ्या दिवशी ती रेल्वेत होती.

फोन वाजला. पुण्याच्या वर्तमानपत्रातला मुलगा. "मॅडम, कापसाच्या आयात शुल्काबद्दल दोन ओळी हव्या होत्या. वेचणी करणाऱ्या मजुरांवर काय परिणाम होईल?" ती वऱ्हांड्यात गेली, भिंतीला टेकली, आणि अचूक बोलली. अल्पकाळात, दीर्घकाळात. त्यानं आभार मानले. दाराच्या काचेतून मायचे हात दिसत होते, काचेमुळे आवाज नसलेले; तसे आतही त्यांना आवाज नव्हता.

मग जिन्यात मोठ्यानं बोलणं ऐकू आलं आणि परिचारिका "एका वेळी दोघांनाच" असं म्हणेपर्यंत तानाबाई आत होती, मागे रुपीबाई. दोघी मायच्या टोळीतल्या, वस्तीत दोन घरं सोडून राहणाऱ्या. वेचणीचा दिवस पाडून काळीपिवळी जीपनं आल्या होत्या. तानाबाईच्या केसांत अजून वावराची काडी होती.

"माय वं! हे रुखमा आहे? केस कोणं विंचरले इचे असे? मास्तरीणबाईसारखे."

"हळू बोल ना वं," रुपीबाई म्हणाली, "दवाखाना आहे."

"मंग? तिले आयकू कसं जाईन?" तानाबाई पलंगाशी वाकली. "रुखमे, ऊठ. कापूस पडला आहे तिकडं, अन् तू इथं पंख्याखाली." मग दीपमालाकडे वळून, आवाज बदलून, "दीपा, तू काहून बसली अशी? ने तिले नागपूरले. ते सांगतच राहे, माही दीपा मले विमानात घालून नेईन. विमान नाई तं नाई, अँबुलन्स तं आहे."

"डॉक्टर म्हणतात, फार उपयोग नाही, मावशी."

"डॉक्टरच्या बापाचं काय जाते?"

रुपीबाई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. "लय दिवस रेटलं इनं," ती म्हणाली. "दोन साल झाले, दिसत नोतं नीट. बोंड हातानं चाचपडे."

दीपमालाला हे माहीत नव्हतं. फोनवर दिसत नाही. "मग वेचत कशी होती?"

"वेचे ना. आमी होतो नं आजूबाजूले."

"तिला कळत होतं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तानाबाई हसली. "न कळाले काय झालं? संध्याकाळी गाठोडं उचले अन् म्हणे, आज मी लयच वेचला वं. तुमचे हात काहून चालून नाई राह्यले? वरून आमालेच!"

हसताना तानाबाईचे डोळे भरले, तसं तिनं तोंड खिडकीकडे केलं. छपरावरच्या सतरंज्या आता कुणीतरी गोळा करत होतं. ऊन तिरकं झालं होतं. दिवस मावळायच्या आत सांगा. शून्य नाही. शून्य नाही म्हणजे आहे, रतन बरोबर म्हणाला होता. तीही वर्गात हेच म्हणाली असती. नागपूरच्या रस्त्यावर गाडीत, मग काचेच्या खोलीत, नळ्या लावलेली माय, जिच्या आजूबाजूला कुणाला सोडणार नाहीत. आणि हे हात. हात तिथे बांधून ठेवतील. नळ्या उपटू नयेत म्हणून बांधतात. तिनं एकदा बघितलं होतं, दुसऱ्या कुणाचे. माय कुठल्या पातीत आहे, किती मागे पडली आहे, पुढच्या बायकांचं बोलणं तिला ऐकू येतं का, हे विचारायला कुठलंही समीकरण नव्हतं. आणि हात पुन्हा कमरेशी गेला, चाचपडला, आणि हवेत उघडला.

दीपमालानं गळ्यातली ओढणी काढली. उठून मायच्या कमरेखालून ती सारली, पुढे आणली, दोन टोकांची गाठ मारली, मध्ये खोल पोट राहील अशी सैल. गाठ उलटी मारायची असते, पुढे झुकल्यावर सुटू नये म्हणून. बोटांनी ती उलटीच मारली. परिचारिका म्हणाली, "मॅडम, हे काय करताय?"

उजवा हात चादरीवर उतरला. तीन बोटं. ओढलं. कमरेशी आला, कापड लागलं, आत शिरला, उघडला. क्षणभर आतच राहिला. मग डावा.

तानाबाई बघत होती. नागपूरबद्दल पुन्हा काही बोलली नाही. पलंगाच्या कडेला टेकली, मायकडे न बघता, चादरीकडे बघत, आणि आपला हात बाजूला टाकला. मायच्या हाताच्या थोडं पुढे, जिथे तो अजून पोचायचा होता. तीन बोटं जुळवली, ओढलं, आणि चादरीच्या दोन घड्यांच्या मध्ये ठेवलं. रुपीबाई उठून दुसऱ्या बाजूला आली. तीही. काही नव्हतं तिथे, धुतलेल्या चादरीचा सुती वास होता फक्त. मायचा हात आला, घडीपाशी थांबला, आणि ठेवलेलं उचलून ओटीत घातलं.

दीपमाला पायथ्याशी उभी होती. ती केव्हा वाकली आणि तिची बोटं केव्हा खाली गेली हे तिनं बघितलं नाही. बघायचं नसतं. रुपीबाई हलक्या आवाजात कुणाच्या तरी सुनेबद्दल काहीतरी सांगायला लागली, तानाबाई म्हणाली, "हट, खोटं बोलते," आणि चौघी एका रेषेत आल्या. हळूहळू मायच्या हातांची घाई गेली. बंद नाही झाले. पुढे कुणी वाट बघतं आहे असं नसलं की हात जसे चालतात, तसे चालू राहिले.

बाहेर धम्मरत्न गाडीवाल्याशी बोलत होता.

"रतन, गाडी घाटंजीकडं सांग."

"ताई, आताच तं मी नागपूरचं..." त्याचा चेहरा लहानपणी पतंग फाटल्यावर व्हायचा तसा झाला. "शून्य नाई म्हणाला होता तो."

"हो. शून्य नाही. हे मी सांगतेय, तू नाही. तिची शक्यता मी सोडतेय. पुढे कधी चूक वाटलं तर माझ्यावर टाक."

"अन् लोक?"

"लोक आत बसलेत," ती म्हणाली.

त्यानं काचेतून आत बघितलं. पेचकस खिशात ठेवला. मग गाडीवाल्याकडे वळून म्हणाला, "घाटंजी रोड. सावकाश चाल पण, भाऊ. म्हातारी काम करून राह्यली."

गाडीत जागा कमी होती. तानाबाई आणि रुपीबाई मायच्या दोन्ही बाजूंना मावल्या, दीपमाला पायाशी. मागच्या काचेतून यवतमाळची शेवटची घरं गेली, जिनिंगच्या आवारातले कापसाचे पांढरे ढीग गेले, मग दोन्हीकडे वावरं, त्यांत संध्याकाळच्या उजेडात वजनकाट्याभोवती उभ्या असलेल्या बायका. कुणाचं तरी गाठोडं वर टांगलेलं. रुपीबाईची गोष्ट अजून संपली नव्हती.

दीपमाला पहिल्यांदा वेचणीला गेली तेव्हा शेजारच्या पातीत माय होती, आणि त्या संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं मायच्या गाठोड्यापेक्षा जड भरलं होतं.